यातला ठोसर कोणता

"मागे वळायचं नाही हं," बेनी म्हणाला. "वळलास तर सगळं बाद."

मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसलो होतो. नाकासमोर अंड्यांचे रिकामे ट्रे होते. बेनीच्या वडिलांची खडकी बाजारात बेकरी होती आणि बेकरीमागचं मैद्याचं गोदाम रविवारी, बेनी चर्चमधून आला की, आमच्या ताब्यात असायचं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही भिंतींना ते ट्रे ठोकले होते. आवाज जायचा तो जायचाच, शेजाऱ्यांच्या शिव्या तेवढ्या आम्हाला कमी ऐकू यायच्या.

माझ्या पाठीमागे दोरीवर बेनीच्या आईची चादर टांगली होती. चादरीपलीकडे एका अंगाला एदल त्याच्या सिंथेसायझरपाशी उभा होता, दुसऱ्या अंगाला ठोसर व्हायोलिन घेऊन. दोघांच्या वायरी एकाच स्पीकरला जोडल्या होत्या, म्हणजे आवाज कुठून येतो यावरून मला काही कळू नये. सिंथेसायझरवर व्हायोलिनचाच आवाज लावला होता, आणि खऱ्या व्हायोलिनच्या घोडीवर चिमटा बसवून त्याचा लाकडी आवाज दाबला होता. एकच तुकडा दोघं एकामागून एक वाजवणार होते. आधी कोण, ते बेनी नाणं उडवून ठरवणार होता. मी ऐकायचं आणि यातला ठोसर कोणता ते सांगायचं.

ओळखलं तर ठोसर आमच्या बँडमध्ये राहणार, नाही ओळखलं तर जाणार. एदल, बेनी आणि मी, तिघांनी हे ठरवलं होतं. ठोसरला आम्ही यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

का नव्हतं सांगितलं, तर मला खात्री होती म्हणून. माझे कान चांगले आहेत असं सगळे म्हणायचे. सगळे म्हणायचे म्हणून मीही म्हणायला लागलो होतो. चोविसाव्या वर्षी माणूस असल्या गोष्टींवर फार लवकर विश्वास ठेवतो. परीक्षेची कल्पनाही माझीच होती. ठोसरला वाचवायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे, असं मला वाटलं होतं.

आमच्या बँडचं नाव होतं 'पेपर ओशन'. खडकीत आम्हाला 'कागदी समुद्र' म्हणायचे, आणि कुणाला फारच कंटाळा आला असेल तर 'कागदी होडी'. गिटार आणि गाणं माझ्याकडे, ड्रम बेनीकडे, एदल मिस्त्री जुना ऑर्गन वाजवायचा आणि माधव ठोसर व्हायोलिन. आम्ही लांबलचक, अवघड, वळणावळणाचं रॉक वाजवायचो. नाचायला आलेले लोक तालात पाय अडकून उभे राहायचे. याचा आम्हाला अभिमान होता.

त्यातली सगळ्यात लांब रचना माझी होती, पुण्यातल्या पुरावरची. सात मात्रांत पाणी चढत जायचं. ठोसर त्याला "तुमचा रूपक" म्हणायचा, कारण रूपक तालही सात मात्रांचा, आणि तो लहानपणापासून शास्त्रीय शिकलेला होता. शेवटी सगळं एकदम थांबायचं आणि एकटं व्हायोलिन उरायचं. त्या भागाला आम्ही 'चिखल' म्हणायचो. खालच्या सुरावरून ठोसर हळूहळू मींड घेत, सूर न तोडता घसरत वर जायचा, आणि वरचा सूर लागायच्या जरा आधी थबकायचा. उंबऱ्यावर येऊन आत जावं की नाही, असा विचार करत माणूस उभा राहतो, तसा. मग तो सूर लागायचा, तोही जरासा उतरलेलाच. नाचायला आलेले लोकसुद्धा तेवढा वेळ गप्प बसायचे. रचना माझी होती, पण चिखल त्याचा होता, हे मला ठाऊक होतं आणि थोडं खुपायचंही.

मग दिवाळीत एदलचा मामा जहाजावरून आला आणि जपानहून सिंथेसायझर घेऊन आला. दोन घोंगड्यांत गुंडाळलेलं ते यंत्र आम्ही गोदामात उघडलं तेव्हा बेनीने आधी हात धुतले. डाव्या बाजूला एक चाक होतं, ते फिरवलं की सूर खालीवर सरकायचा. एदलने एक पट्टी दाबली आणि मैद्याच्या पोत्यांवरची धूळ हलली. पुढचा आठवडाभर मी दुसरं काही बोललो नाही. आम्ही बदललो ते त्या आठवड्यातच. माझी गाणी लहान झाली, ताल सरळ झाले, गिटार मागे गेलं. ऑर्गन बेनीच्या वडिलांनी पाव ठेवायला घेतला.

अडचण एकच होती. यंत्राचा सूर दोरीत ओवल्यासारखा सरळ, आणि ठोसरचा हलता. दोन्ही एकत्र आले की कानाला टोचायचं.

"ठोसर, सरळ लाव ना सूर," मी म्हणायचो.

"सरळच लागलाय."

"हलतोय. मशीनकडे बघ, कसा ठेवतं ते. मींड नको, थरथर नको. नुसता सूर."

"नुसता सूर म्हणजे कसा रे?"

"म्हणजे तू मध्ये येऊ नकोस."

असं मी खरंच म्हणालो होतो. एकदा नाही, पुष्कळदा. ठोसर चिडायचा नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी होती त्याची, दिवसभर लोकांचं ऐकून घ्यायची सवय. तो मान डोलवायचा आणि पुन्हा वाजवायचा. बुधवारी ड्यूटी संपली की सायकल मारत एदलकडे जाऊन मशीनबरोबर सराव करायला लागला. मला बरं वाटलं. म्हटलं, चला, पोरगं मनावर घेतंय.

पुढे मुंबईहून एका कॅसेट कंपनीचे सबनीस नावाचे गृहस्थ आम्हाला ऐकायला आले. ठोसर तेव्हा ड्यूटीवर होता, म्हणून त्यांना टेपवरच त्याचं जुनं वाजवणं ऐकवलं. सबनीसांनी मशीन ऐकलं आणि खूश झाले. चिखल ऐकून म्हणाले, "हे काढा बुवा. सिनेमात हिरोची आई वारते तेव्हाचं वाटतं. तेच सूर मशीनवर घ्या. आजकाल हेच चालतं."

मी हसलो. हसायला नको होतं, पण कंपनीचा माणूस विनोद करतो तेव्हा हसू आपोआप येतं. एदल आणि बेनी हसले नाहीत.

सबनीस गेल्यावर एदल म्हणाला, "बघ बावा, मला ठोसरभाय आवडते. पण दोन आवाज एकाच जागेवर बसते, ते खरं आहे. एक काढायला लागेल."

"मशीनला चिखल जमणार नाही," मी म्हणालो.

"जमेल."

"सूर जमतील. चिखल नाही जमायचा. मी डोळे मिटून सांगेन कोणता कुणाचा."

"आणि नाही सांगितला तर?"

"तर काढा ठोसरला," मी म्हणालो. "तर त्याचा उपयोगच काय मग?"

झालं. सबनीसांना उत्तर द्यायला ते पुरेसं होतं. माझ्यासारख्या कानाच्या माणसाला फरक कळला, तर तो कंपनीलाही मान्य करायला लागेल, असं ठरलं. सबनीस येऊन गेल्याचं ठोसरला माहीत होतं, ते काय म्हणाले ते नव्हतं. त्याला मी फक्त एवढंच म्हणालो, "रविवारी चिखल वाजवायचाय. एकदा तू, एकदा मशीन. बघायचंय जरा." त्याने विचारलं, काय बघायचंय. मी म्हटलं, अरे बघू ना. उगाच त्याला घोर कशाला, असा माझा मोठेपणा. चिखल आम्ही त्या आधी कित्येक आठवडे एकत्र वाजवलाच नव्हता. छोट्या गाण्यांच्या मागे लागलो होतो.

"तयार?" बेनीने विचारलं. नाणं पडल्याचा आवाज आला. मग एक टिचकी, म्हणजे पहिला सुरू.

पहिला तुकडा आला. खालचा सूर लागला, सरळ. तिथून वरचा, वरचा, वरचा, प्रत्येक सूर आपापल्या जागी, पायऱ्या चढावं तसा. कुठे घसरणं नाही, थबकणं नाही. वरचा सूर लागला तो अगदी बरोबर, केसाइतकाही खाली नाही. संपलं. मला मनातून हसू आलं. हे इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

दुसरा तुकडा सुरू झाला आणि माझ्या मानेवर काटा आला. खालच्या सुरातून आवाज ओढत, रेंगाळत निघाला. मध्ये एकदा जरा मागे आला. वरच्या सुराच्या आधी थबकला, अगदी त्याच जागी, मला श्वास रोखायला लागला, आणि मग तो उतरलेला, दमलेला सूर. तो वाजला आणि मला एकदम वाटलं, आपण किती मूर्ख, या माणसाला काढायची गोष्ट तरी कशी केली.

"झालं," बेनी म्हणाला. "बोल."

"दुसरा ठोसर," मी म्हणालो. "पहिलं मशीन."

तिथे मी थांबायला हवं होतं. पण मी जिंकलो होतो, आणि जिंकल्यावर तोंडाला कुलूप लावायची अक्कल मला नव्हती. शिवाय एदलला ऐकवायचंही होतं.

"अरे, लहान मूलसुद्धा सांगेल," मी भिंतीकडे बघतच म्हणालो. "पहिल्यात कुणी राहतच नाही. रिकामं घर आहे. सगळे सूर बरोबर, आणि काय चुलीत घालायचे? हे वाजवणाऱ्याला कधी साधा ताप आला नसेल, कधी कुणी गेलं नसेल त्याचं. एदल, तुझं मशीन चांगलं आहे, पण त्याने चिखलाला हात लावू नये. चिखलाला माणूस लागतो."

मग चादर सरकल्याचा आवाज झाला आणि ठोसर बाहेर आला. मी वळलो. त्याचं तोंड आनंदाने फुललं होतं. व्हायोलिन काखेत, गज हातात, आणि डोळे लहान मुलासारखे.

"फसलास ना?" तो म्हणाला. "सुहास, तूसुद्धा फसलास. पहिला मी होतो."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय.

"पहिला मी," तो पुन्हा म्हणाला. "तुझ्या कानांना मशीन वाटलो. आता तरी म्हणशील ना सरळ लागतो म्हणून? किती घासलंय माहितीय? आई म्हणते, हल्ली तुझं व्हायोलिन कारखान्याच्या भोंग्यासारखं वाजतं." तो हसला. "पण जमलं. सबनीसांना सांगा, आता मशीनबरोबर टोचणार नाही. कॅसेट काढा म्हणावं."

मी एदलकडे बघितलं. तो चादरीच्या कडेला उभा होता, मान खाली घालून चाकावरून अंगठा फिरवत.

"दुसरं तू वाजवलंस?" मी विचारलं.

"हां."

"ती मींड? ते थांबणं?"

"ठोसरभायने शिकवलं," एदल म्हणाला. "दर बुधवारी. मी म्हटलं, मला चिखल आवडते, मला शिकव. तो गाऊन दाखवायचा, मी चाक फिरवायचा. बरोबर जागा मिळेपर्यंत सोडला नाही मला."

"आणि त्याने मला सरळ सूर दिला," ठोसर म्हणाला. "मशीन लावून ठेवायचा, मी त्यावर वाजवायचो. फिट्टंफाट."

बेनी "चहा सांगून येतो" म्हणून निघून गेला. बेकरी त्याच्या बापाची होती, चहा सांगायला जायची गरज नव्हती. मी स्टुलावरून उठलो आणि पुन्हा बसलो. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक म्हणतात ते हसण्यावारी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. जे मी त्याच्या तोंडावर, अगदी चार हातांवर, बोललो होतो ते सगळं त्याच्याबद्दल होतं. रिकामं घर. कुणी राहतच नाही. आणि ते रिकामं मीच करायला सांगितलं होतं, तो मध्ये येऊ नये म्हणून.

"काय झालं रे?" ठोसरने विचारलं. त्याचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. "चुकलं का काही?"

"सुहास, तू सांग," एदल म्हणाला. "तुझा बोलणं आहे ते."

मी सांगितलं. जमिनीकडे बघत सांगितलं. सबनीस काय म्हणाले, आम्ही काय ठरवलं, मी ओळखलं असतं तर काय आणि नाही ओळखलं तर काय. मी हसलो होतो ते सांगितलं नाही. ठोसर ऐकत राहिला, एक्स्चेंजमध्ये ऐकतो तसा, मध्ये न बोलता. माझं संपल्यावर त्याने व्हायोलिन काखेतून काढून हातात घेतलं.

"म्हणजे ओळखू यायला हवा होतो मी," तो म्हणाला.

"हो."

"मग सांगायचं ना रे मला." त्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं झालं असतं. "सांगितलं असतंस तर मी माझ्यासारखं वाजवलं असतं."

"मग आत्ता वाजव," मी घाईने म्हणालो. "ही परीक्षा धरायचीच नाही. तुला माहीत नव्हतं, मग कसली परीक्षा? एदल, काय म्हणतोस?"

"कबूल," एदल म्हणाला. "माझा काहीच नाही. वाजव, ठोसरभाय."

ठोसरने गज उचलला. आता चादर नव्हती, मी समोरच बसलो होतो. त्याने खालचा सूर लावला आणि वर निघाला. एक सूर, दुसरा सूर, तिसरा, स्वच्छ, आपापल्या जागी. तो थांबला.

"थांब हां," तो म्हणाला. "हात सवयीने जातोय."

पुन्हा सुरू केलं. या वेळी त्याने मींड घेतली, पण ती घेतल्यासारखी वाटली. वरच्या सुराच्या आधी थबकायच्या जागी तो थांबला, आणि ते थांबणं म्हणजे नुसता विसावा झाला, पाहुण्याने घंटा वाजवून उभं राहावं तसा. त्याला ते कळलं. त्याने गज खाली केला, खांदे सैल केले, डोळे मिटले, पुन्हा उचलला. पुन्हा तेच.

"येतंय, येतंय," तो म्हणाला. "इथेच आहे."

मला त्याला सांगायचं होतं की राहू दे, आपण सबनीसांना नकार कळवू, कॅसेट गेली खड्ड्यात. हे मी मनातल्या मनात बोललो. तोंडाने एक शब्द काढला नाही, कारण ती कॅसेट मला हवी होती. पुढे ती निघालीही, आज ती कुणाच्या घरात सापडेल असं वाटत नाही. पण त्या वेळी मी गप्प बसलो तो तिच्यासाठी.

ठोसर चौथ्यांदा की पाचव्यांदा मध्येच थांबला तेव्हा एदलला राहवलं नाही. त्याने काही न बोलता पट्टीवर बोट ठेवलं, डाव्या हाताने चाक धरलं आणि तो तुकडा वाजवला. तेच रेंगाळणं, तेच मागे येणं, तेच उंबऱ्यावर थबकणं. विसरलेल्या मित्राला नाव आठवून द्यावं, इतक्या प्रेमाने वाजवलं त्याने. आमच्यात त्या दिवशी चांगलं वागलेला तेवढा एकच माणूस.

ठोसर मान तिरकी करून ऐकत होता. ऐकताना त्याची बोटं व्हायोलिनच्या गळ्यावर हलत होती, गुरुजींसमोर बसलेल्या विद्यार्थ्याची हलतात तशी.

"असं होतं, नाही का?" तो म्हणाला.

"असंच होतं," एदल म्हणाला. "तूच दिला आहे."

"पुन्हा एकदा वाजव."

एदलने पुन्हा वाजवलं. ठोसरने हनुवटीखाली व्हायोलिन धरलं, गज ठेवला, आणि मशीन जसं गेलं होतं तसा तो त्याच्यामागून गेला. मींड तिथेच घेतली, तिथेच मागे आला, तिथेच थबकला, वरचा सूर तेवढाच उतरता ठेवला. संपल्यावर तो वळला. कपाळावर घाम होता. त्याने एदलकडे नाही, माझ्याकडे बघितलं.

"सुहास, तुझे कान चांगले आहेत," तो म्हणाला. "खरं सांग हं. आता मी वाटतोय का?"

मी हो म्हणालो. त्यात ठोसर किती आणि मशीन किती, मला काहीच कळत नव्हतं, आणि लाजेने मान वर करून त्याच्याकडे बघवतही नव्हतं.